फुटलेलं मत

आमच्या वाडीत मतदानाआधी देवळात नारळ ठेवतात. घरटी एकानं त्यावर हात ठेवून म्हणायचं, वाडी सांगेल त्यालाच मत. मत कुणाला, हे सांगणारा मुंबईतल्या वाडीकरांच्या मंडळाचा फोन आधीच आलेला असतो, त्यामुळे चर्चेला जागाच नसते. त्या वर्षी मात्र शेजारचे गिरणवाले काका बोलले, "मत ज्याचं त्याचं. देवाला कशाला मधे घालता?" सगळे त्यांच्या अंगावर धावून गेले. शेवटी त्यांनीही हात ठेवला. मी तोंडातून ब्र न काढता ठेवला. मोठा शहाणा ना मी!

यंत्रासमोर एकटा उभा राहिलो आणि विचार फिरला. विरोधातल्या बाईंनी आमच्या रस्त्यासाठी किती खेपा घातल्या होत्या, ते मला ठाऊक होतं. कोण बघतंय, म्हटलं, आणि त्यांचं बटण दाबलं. खरं सांगतो, इतकं मोकळं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आमच्या केंद्रावर फक्त आमचीच वाडी. निकालात बाईंना तिथलं एक मत दिसलं. कोणाचं, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

वाळीत टाकणं गुन्हा आहे, म्हणून तो शब्द कुणी उच्चारला नाही. काकांच्या गिरणीत दळण येणं तेवढं थांबलं. "दळण कुठं टाकायचं ते ज्याचं त्याचं," असं लोक हसून म्हणायचे. मीही मिरजोळ्याला कामावर जाताना दळणाचा डबा स्कूटरला बांधून नेऊ लागलो.

एके सकाळी काकांनी मला दारातच थांबवलं. डब्याकडे बघितलं.

"देवासमोर शब्द दिला होता रे. मी नाही मोडला. तुझा तरी विश्वास आहे ना?"

आता सांग, मेल्या, आता तरी सांग, असं आतून कुणीतरी ओरडत होतं.

"आहे ना काका," म्हणालो आणि स्कूटर सुरू केली.

काका गिरण विकून लेकाकडे मुंबईला गेले, तिथेच वारले. गिरणीच्या जागी आज नुसता चौथरा आहे. तरी सकाळी दात घासताना मला पट्ट्याची फटफट ऐकू येते. बायको म्हणते, कान तपासून घ्या. कानाला काय धाड भरलीय!

यंदा पुन्हा नारळ ठेवला. पुढाऱ्यानं विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. काका उभे राहायचे त्या खांबापाशी या वेळी मी उभा होतो. घसा खाकरला, पुढे झालो आणि सगळ्यांत आधी नारळावर हात ठेवला.