वाचनाच्या खोलीतून बाहेर

सिकंदराबादजवळच्या कुकटपल्लीतल्या आमच्या इंग्रजी शाळेत मला ‘रीडिंग मॅडम’ म्हणतात. ज्या मुलांना वाचताना अडतं, त्यांना एकेकटं जवळ घेऊन शिकवायचं, हे माझं काम. त्यासाठी ग्रंथालयाशेजारी एक लहानशी खोली होती. गेल्या जूनमध्ये तिथे टॅब्लेट चार्ज करायचं कपाट आलं. प्राचार्य म्हणाल्या, “यापुढे तुम्ही मुलांना नाही, शिक्षकांना तयार करायचं. सराव टॅब्लेट घेईल.”

मी वर्गात मागे बसून इतरांचे तास पाहू लागले. चौथीतल्या एका मुलीच्या नावापुढे टॅब्लेटवर कायम वाचन बरोबर असल्याची हिरवी खूण असायची. एकदा तिच्याशेजारी बसून मी टॅब्लेटचा आवाज बंद केला. ती एकदम गप्प झाली. मराठी घरातली होती, म्हणून हळूच मराठीत म्हटलं, “वाच ना.” ती अक्षरांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघू लागली.

“आवाज लावा ना मॅडम. तो आधी बोलतो, मग मी बोलते.”

मी तडक प्राचार्यांकडे गेले. त्या म्हणाल्या, “मग तिच्या वर्गशिक्षिकेला शिकवा. तुमचं काम आता तेच आहे.”

वर्गशिक्षिका नुकतीच नोकरीला लागलेली. मी सगळं समजावून सांगितलं, तिने मन लावून ऐकलं. शेवटी म्हणाली, “कळलं मॅडम. पण मी हिच्यापाशी बसले तर बाकीच्या पोरांना कोण बघणार?”

“मी बघते,” मी म्हणाले.

तेव्हापासून रोज शेवटच्या तासाला मी तिचा वर्ग सांभाळायची आणि ती मुलीला घेऊन व्हरांड्यात बसायची. चित्र हाताने झाकायचं, अक्षराखाली बोट धरायचं, आवाज सुटा म्हणायचा, मग जोडायचा. दारातून मला दोघींच्या फक्त पाठी दिसत. मुलीचं बोट भलत्या अक्षरावर तर नाही ना, या विचाराने माझं वर्गात लक्ष लागत नसे. एका दुपारी वर्गशिक्षिका धावतच आत आली.

“मॅडम, तिने ‘फिश’ वाचलं! मी काहीच सांगितलं नव्हतं!”

पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. पण आतून तुटलं. असे क्षण इतकी वर्षं माझ्या खोलीत माझ्यासमोर यायचे. हा व्हरांड्यात येऊन गेला, आणि मी तिथे नव्हते.

दिवाळीनंतर ही अदलाबदल प्राचार्यांना कळली आणि बंद झाली. “शाळेची दुसरी शाखा सिकंदराबादला आहे,” त्या म्हणाल्या, “तिथल्या शिक्षकांनाही तुमची गरज आहे. रोज दुपारी तिकडे जात जा.” वर्गशिक्षिका मग जेवणाच्या सुट्टीत मुलीला घेऊन बसायची, स्वतःचा डबा तसाच ठेवून. मार्चमध्ये तिने नोकरी सोडली. मी तिला थांब म्हणू शकले नाही.

निकालाच्या दिवशी मुलीची आई मला जिन्यात भेटली.

“मॅडम, आता दुकानांच्या पाट्या वाचते ती. अडते, पण वाचते.” मग तिने विचारलं, “पाचवीत हिच्यापाशी कोण बसेल?”

मुलगी खालच्या पायरीवर उभी राहून भिंतीवरची सूचना वाचत होती, ओठ हलवत. “मी प्राचार्यांना विचारून बघते,” एवढंच मी म्हणाले. आईने मान हलवली. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास बसला नव्हता, हे मला दिसलं.