निळं देऊळ

ऑइलपेंटचा वास आला की अकोले तालुक्याच्या डोंगरातलं आमचं गाव आठवतं. सत्तर सालानंतरची गोष्ट. एक परदेशी अभ्यासक नाशिकच्या छोट्या विमानतळावर उतरून, जीपने घाट चढून आमचं काळ्या दगडाचं जुनं देऊळ पाहायला येणार होते. माझे वडील सरपंच. त्यांनी हौसेने सगळं देऊळ निळ्या रंगाने रंगवून घेतलं. पाहुण्यांनी कोरीव खांबावर हात ठेवला आणि नखाने रंग खरवडून पाहिला. वडील कौतुकाने म्हणाले, "तुमी येनार म्हनून रंगवलंय." सोबतच्या दुभाष्याने मान खाली घातली, त्याला पाहुण्यांना ते भाषांतर करून सांगवेना. तेव्हा वडिलांना उमगलं. जीप गेल्यावर ते नारळाच्या शेंडीने खांब घासत बसले. "न्हाई निघत," एवढंच म्हणाले. तुमच्या गावात जुनं काय आहे, असं कुणी विचारलं की मी अजूनही विषय बदलते.