उतारावर मागे रेलायचं नसतं

आठ फेब्रुवारी, रविवार दुपार. मी ओले हातमोजे उलटे करून रेडिएटरवर टाकत होते. एक जोडी माझी, एक जावेची. तिचा उजवा हात बँडेजमध्ये होता म्हणून तिची पिशवी मी उचलली होती, आणि तिचे हातमोजे माझ्याकडेच राहिले होते. त्या दिवशी तिला मी केलेली मदत तेवढीच.

आम्ही दोघी लंडनच्या हॅरो भागात राहतो, दोन रस्ते सोडून. ईस्टरच्या सुट्टीत दोन्ही घरं मिळून स्कॉटलंडला स्कीइंगला जायची होती. मुलं आणि नवरे स्की करणार आणि आम्ही कॅफेत कोट सांभाळत बसणार, हे मला मान्य नव्हतं. म्हणून मीच छपराखालच्या बर्फाच्या उतारावर दोघींचे धडे लावले. जाऊ माझ्याहून लहान आणि भित्री. "जिना उतरतानासुद्धा कठडा धरतेस," असं मी तिला चारचौघांत म्हणायचे. ती हसायची.

शिकवणारी बाई लीड्सकडची, खणखणीत आवाजाची. नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला दाबा, अंग उताराकडे झुकवा, मागे रेललात की स्की पळतात, हे ती पुन्हा पुन्हा सांगायची. मी जावेला मराठीत सांगितलं, "तिचं ऐकू नकोस. शाळेत असताना मी कितीतरी गड उतरलेय. उतारावर अंग मागे ठेवायचं आणि टाचा रोवायच्या."

"हो, ताई," ती म्हणाली, आणि पुढे झुकून सावकाश उतरली. हिला आता मराठीही कळेनासं झालंय, असं मला वाटलं.

त्या रविवारी पहिल्यांदाच आम्हाला अगदी वर नेलं. वरून खालची माणसं दिसतात, मधला उतार दिसतच नाही. जाऊ आधी निघाली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोठी वळणं घेत, शांतपणे. हिला जमतंय तर मला का नाही, म्हणून मीही निघाले. वेग वाढला तशी मागे रेलले. स्की पळाल्या. टाचा रोवायला गेले तर बुटात टाचेला हलायलाही जागा नव्हती. जाऊ वळणावर होती. मी मागून तिच्यावर आदळले, आणि आम्ही दोघी घसरत खाली आलो. ती हातावर पडली.

बाई धावत आली. काय झालं, विचारलं. जावेने तोंड उघडायच्या आत मी इंग्रजीत सांगून टाकलं की ती एकदम माझ्यासमोर थांबली.

जावेने माझ्याकडे पाहिलं आणि "सॉरी" म्हणाली. बाईने तिला समजावलं की मध्येच थांबायचं नसतं. तिने मान हलवली.

परत येताना गाडीत ती म्हणाली, "ताई, मी आता नाही येत. कॅफेतच बसेन. माझ्यामुळे तुम्हाला लागलं असतं."

"बघू," मी म्हणाले आणि वायपर लावले. पाऊस नव्हता.

घरी नवऱ्याने विचारलं, "तिचा हात कसा लचकला?"

"पडली."

हातमोजे संध्याकाळपर्यंत वाळले. तेवढ्या वेळात मी फरशी पुसली, आठवड्याची भाजी चिरून ठेवली, तरी शरमेने कान गरमच राहिले.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना हातमोजे घेऊन तिच्याकडे गेले. दीर मुलांच्या डब्याला सँडविच करत होते, ती डाव्या हाताने टोस्ट खात होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "ही काल थांबली नव्हती. मी मागून येऊन हिच्यावर आदळले, आणि वर खोटं बोलले."

दिरांनी सुरी खाली ठेवली. "वहिनी, बूट काढून आत तरी या."

जावेने टोस्ट बशीत ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे माझं वळण बरोबर होतं?"

"बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून मीच चुकत होते."

"तुम्ही फार मागे रेलता, ताई. मला दिसायचं. पण तुम्हाला कोण सांगणार?"

स्कॉटलंडला माझ्याबरोबर उतारावर येशील का, एवढंच मी विचारलं. "बघू," ती म्हणाली, आणि हातमोजे घेतले.

स्टेशनवरून मी त्या उताराच्या जागी फोन केला. खरं काय घडलं त्याचा बाईसाठी निरोप ठेवला, आणि दोघींचे धडे जावेचा हात बरा होईपर्यंत पुढे ढकलले. माझा एक धडा मात्र त्याच आठवड्यातल्या शनिवारचा घेतला, खालच्या, लहान मुलांच्या उतारावर.