मधल्या संडासाची कडी

लॉकडाऊनमध्ये नवरा दिवसभर घरात. काम बंद, दारू मिळेना, सगळा राग माझ्या पाठीवर निघायचा. फोन तर त्याने आधीच भिंतीवर आपटून फोडला होता. घाटकोपरच्या डोंगरावर आमची वस्ती. मला एकटीला जाता येईल अशी जागा एकच, सार्वजनिक संडास. तिथेही मेला कोपऱ्यावर येऊन उभा राहायचा. तिथून त्याला रांग दिसायची, दारं दिसायची नाहीत.

शेजारची मालवणी काकी रांगेत माझ्या पुढे असायची. तिने कधी खोदून विचारलं नाही. एका सकाळी आपल्या रिकाम्या डब्यात फोन टाकून तिने डबा माझ्या हातात दिला. आत कडी लावून, नाक दाबून मी बायकांना मदत करणाऱ्या संस्थेतल्या ताईशी बोलले; नंबर काकीनेच लावून दिला होता. मग रोजच, थोडं थोडं. "मेलीस काय गं आत?" असं हा ओरडला की काकी खेकसायची, "तिचा पोट बिघडलाहा! तू येतंस धुवूक?" बायका फिदीफिदी हसायच्या आणि हा तोंड फिरवायचा.

शेवटी ताईने आम्हा मायलेकींची राहायची सोय केली. रिक्षा घेऊन ती खाली रस्त्यावर थांबणार होती. "हिलाही लागलीय," म्हणून मी लेकीला कडेवर घेऊन निघाले. संडासामागची भिंत पडलेली, तिथून डोंगर उतरता यायचा. पण याला संशय आला असता तर त्याने आम्हाला अर्ध्या वाटेत गाठलं असतं, आणि मग माझं काही खरं नव्हतं.

माझ्या जागी काकी मधल्या संडासात शिरली आणि तिने आतून कडी लावली. मी मागून उतरले.

पुढचं तिनेच फोनवर सांगितलं. हा ओरडला की रांगेतल्या बायका म्हणायच्या, "आतच आहे रे," आणि काकी आतून डबा आपटायची. उकिडवं बसून तिचे पाय बधिर झाले होते.

आता मुलुंडला माझी खोली आहे, संडास घरात आहे. काकीचे उपकार तर जन्मभर फिटणार नाहीत. पण मला त्या रांगेतल्या बायका आठवतात. वस्तीत धड दोनच संडास चालू होते, त्यातला एक आम्ही अडवलेला. एरवी मिनिटभर उशीर झाला तर आईबहीण काढणाऱ्या बायका त्या. त्या दिवशी आमची रिक्षा सुटेपर्यंत पोटं धरून उभ्या राहिल्या. एकीनेही दार वाजवलं नाही.