हक्कसोडीचा सीन

दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातलं एक घर उचलून चाकणजवळच्या गावात आणून ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, ते माझ्या तोंडाळपणामुळे. कुणाच्या तरी घरी चहा घेताना मी म्हणाले होते की आपल्या लोकांना जुना काळ म्हटलं की कंदील आणि नऊवारी यांच्यापलीकडे काही सुचत नाही. समोर माझा एक जुना विद्यार्थी बसला होता. आठवडाभर हिंजवडीत संगणकाची नोकरी करायची आणि शनिवार-रविवार सिनेमाच्या मागे लागायचं, असा त्याचा क्रम. तो लगेच म्हणाला, "मग मॅडम, तुम्हीच लिहा."

त्यानं निवडलेली कादंबरी मी चिंचवडच्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवली होती. बाप मरतो, घरदार भावाला मिळतं, आणि ज्या घरात बहीण लहानाची मोठी झाली तिथेच ती पाहुणी होते. एक दिवस ट्रंक घेऊन घोडागाडीत बसते आणि सगळा रस्ताभर रडते. माझे विद्यार्थी रात्रपाळी करून वर्गात येत आणि बसल्या जागी पेंगत. पण घोडागाडीचं प्रकरण आलं की मागच्या बाकावरची एखादी मुलगी मान वर करायची. त्या एका मुलीसाठी मी ते प्रकरण दरवर्षी मोठ्यानं वाचत असे.

आमच्या सिनेमाचा काळ ठरला तो चाकणच्या आसपासच्या जमिनी कंपन्यांकडे जायला लागल्या तेव्हाचा. कादंबरीतला बटलर गडी झाला, दुपारचा चहा चहाच राहिला. नाचाच्या मेजवानीपाशी मात्र आमची जुंपली. दिग्दर्शकाला, म्हणजे माझ्या त्या विद्यार्थ्याला, तिथे गरबा घालायचा होता. मी म्हटलं, "त्या काळात या गावात पोरगी पाहुण्यांसमोर नाचली असती तर लग्न जमायच्या ऐवजी पंचायत बसली असती. आणि गरबा? डोकं ठिकाणावर आहे ना?" शेवटी नायक-नायिकेची पहिली भेट एका लग्नघरी, हळद दळायच्या गडबडीत झाली. दिग्दर्शक दोन दिवस फुगून बसला होता.

खरं घोडं अडलं ते पुढे. कादंबरीत बहिणीला काही मिळत नाही, कारण कायदाच तसा. आमच्याकडे कायदा बहिणीच्या बाजूनं आहे. बाप गेला की सातबाऱ्यावर तिचं नाव लागतं. मग ती जमीन जाते कुठे? मी स्टाफरूममध्ये सहज विचारलं. संस्कृतच्या बाईंनी आपला वाटा भावाला देऊन हक्कसोडीवर सही केली होती, इतिहासाच्या बाईंनीही केली होती. जबरदस्ती कुणावरच झाली नव्हती. "माहेर तुटतं हो," दोघी एकच वाक्य बोलल्या आणि डबे उघडून बसल्या. मला भाऊ नाही, त्यामुळे ती वेळ माझ्यावर कधी आली नाही. म्हणूनच बहुधा या विषयावर माझी मतं अगदी ठाम होती. घोडागाडी मी काढून टाकली आणि तिथे हक्कसोडीचा सीन लिहिला. भाऊ बदल्यात साडी पुढे करतो, नायिका तलाठ्यासमोर सही करते आणि धाय मोकलून रडते. लिहून झाल्यावर मी स्वतःवरच खूश झाले.

शूटिंगसाठी घर मिळालं ते आप्पांचं. आप्पा म्हणजे साठीच्या आसपासचे, उंचेपुरे शेतकरी. पुढे बंगला बांधला तरी मागचं कौलारू घर त्यांनी पाडलं नव्हतं. त्यात ते कांदा साठवत. आमच्यासाठी त्यांनी कांदा हलवला, शेणानं सारवून घेतलं, तरी वास काही जाईना. कॅमेरा एकाच दिशेला लावता येई, कारण दुसरीकडे त्यांच्याच जुन्या रानात उभी राहिलेली कंपनीची शेड दिसायची. तिथल्या प्रेस मशीनचे ठोके संवादांत घुसत. पाळी बदलताना मशीन थांबलं की आम्ही धावपळ करून एखादा सीन उरकून घेत असू. "साहेबलोकांची जुनी गोष्ट हाय म्हणं," आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत.

जुन्या तऱ्हेचं नेसणं-बिसणं दाखवायला त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं होतं. तिला सगळं गाव आक्का म्हणे, मग आम्हीही आक्काच म्हणू लागलो. तळवड्याला मुलगा-सुनेकडे राहणारी, किरकोळ अंगाची, सतत कामात असलेली बाई. माहेरी आल्यावर माणूस जरा टेकतं, पाय पसरतं. आक्का कधी टेकलेली दिसली नाही. भावजयीच्या आधी उठून भाकऱ्या बडवायची, अंगण झाडायची, आमचे चहाचे पेले विसळायची. मी एकदा वैतागून म्हणाले, "अहो, पाहुण्या आहात तुम्ही इथे." ती म्हणाली, "म्हणून तर."

नायिकेच्या साड्या निवडताना मी तिला गोष्ट सांगितली आणि न राहवून विचारलं, "तुम्ही काय केलं होतं?"

"केली की सही. समद्याच करत्यात. माहेर पाहिजे का जमीन, दोनी कुटं मिळतंय?" साडीची घडी नीट करत ती बोलत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मी काय बोलले ते आप्पाला कळू दिऊ नका. वर्सातनं दोनदा बोलावणं येतं मला, दिवाळीला आन् जत्रंला. तेवढं ऱ्हाऊ द्या."

मी शब्द दिला आणि तो पाळलाही. घोळ झाला तो दुसऱ्याच कारणानं. हक्कसोडीच्या सीनच्या दिवशी भावाचं काम करणारा नट आलाच नाही. तो एका कंपनीत होता. लाइन अडकली आणि सुपरवायझरनं त्याला ओव्हरटाइमला बोलावून घेतलं. आमच्या या पट्ट्यात कुठलीही कला शिफ्टच्या पुढे जात नाही. पाळी बदलायची वेळ जवळ येत होती. दिग्दर्शकानं इकडेतिकडे पाहिलं. खुर्ची टाकून शूटिंग बघत बसलेले आप्पा बांध्यानं अगदी त्या नटासारखेच होते.

"आप्पा, तुम्हीच बसता का? चेहरा दिसणार नाही. पाठमोरं बसायचं, साडी पुढे करायची, बास."

मी नको म्हणेपर्यंत आप्पांच्या डोक्यावर टोपी आणि अंगात जुना सदरा चढला होता. माणूस लहान पोरासारखा हरखला होता. मी दाराकडे पाहिलं. आक्का चहाची किटली घेऊन उंबऱ्यातच थबकली होती.

पलीकडचं मशीन थांबलं आणि सीन सुरू झाला. आमची नायिका गुणी मुलगी. तलाठ्यानं कागद पुढे सरकवला, आप्पांनी साडी पुढे केली, आणि ती रडायला लागली. हमसून हमसून, थेट आप्पांच्या तोंडाकडे बघत. मी लिहिलं होतं अगदी तसंच. आप्पांनी पुढे केलेली साडी हळूच मागे घेतली. दिग्दर्शक "कट" म्हणाला आणि खुशीत येऊन ओरडला, "वा! पुन्हा एकदा घेऊ."

"आगं पोरी, रडू नगं," उंबऱ्यातून आक्का म्हणाली. "आसं रडायचं नसतं. त्येला वाईट वाटंल."

कुणाला, हे तिनं सांगितलं नाही. दिग्दर्शकाला तेवढंच पुरे झालं. "मग कसं करायचं, आक्का? दाखवा ना."

तिनं किटली खाली ठेवली. मला वाटतं, समोर बसलेल्या भावाला त्या रडण्यातून सोडवायचं एवढंच त्या क्षणी तिच्या मनात होतं. नायिकेला बाजूला करून ती घोंगडीवर बसली, पदर सारखा केला आणि पेन हातात घेतलं. मग आतल्या घराकडे मान वळवून म्हणाली, "आगं, कोंबडी शिजली का न्हाई आजून? पोटात कावळे वरडत्यात!" सही करता करता ती हसली. मोकळं, खळखळून, तोंडावर पदर धरून हसली. "आन् साडी चांगली जरीची घितलीयस न्हवं आप्पा? न्हाईतर सही खोडीन बघ!"

सगळे हसले. लाइटवाले हसले, तलाठी झालेला नट हसला, रडून नाक लाल झालेली नायिकाही हसली. इतकं प्रसन्न हसू होतं ते की क्षणभर मीही हसले.

आप्पा हसले नाहीत. "आक्का," ते म्हणाले, "त्या दिशी तू हेच बोलली व्हतीस."

"आसंल. कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय येवढं."

"माज्या हाय. कोंबडी, जर, समदं. मी घरात सांगितलं, आक्का खुशीत हाय, काय काळजी न्हाई." ते थांबले. "खुशीतच व्हतीस न्हवं?"

आक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग भावाकडे. आणि ती हसली. तेच हसू, तेवढंच मोकळं, पदरही तसाच तोंडावर.

"व्हय रं. खुशीतच व्हते की."

पण ते हसू कसं आणायचं, हे तिनं आत्ताच सगळ्यांसमोर त्या मुलीला शिकवलं होतं, आणि आप्पांनी ते हातभर अंतरावरून पाहिलं होतं. त्यांनी साडी घोंगडीवर ठेवली. टोपी काढली, तिच्यावर ठेवली, आणि पडवीतून बाहेर निघून गेले. पाळी बदलली असावी, कारण मशीनचे ठोके परत सुरू झाले. दिग्दर्शकानं माझ्याकडे पाहिलं. मी हातानंच त्याला थांबवलं.

मी लिहिलेल्या बाईला निदान रडायची तरी सोय होती.

मी आक्काच्या शेजारी जाऊन बसले. पेन अजून तिच्या हातात होतं आणि चेहऱ्यावरचं हसू पुरतं उतरलं नव्हतं. ती माझ्या कानाशी झुकली.

"मॅडम, रागावला का वो त्यो? दिवाळी आलीया तोंडावर."

"नाही हो, रागावले नाहीत," मी म्हणाले. तिनं मान हलवली, पण ती दाराकडेच बघत राहिली.