अनारशातली अफू

दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या जवानाच्या लघवीत अफू निघाली, तर तुम्ही कोणाला खोटं म्हणाल?

मूर्तिजापूरचा किशोर गावंडे दिवाळीची सुटी संपवून पलटणीत परतला आणि नशेच्या तपासणीत हेच झालं. नोकरी जायची वेळ आली. गावातल्या रिकामटेकड्यांनी तर त्याला गर्दुल्ला ठरवूनही टाकलं. त्यानं आईला, मैनाबाईंना फोन लावला.

"काय खाल्लं रे तू?"

"तुह्ये अनारसे. दुसरं काहीच नाही."

"बापा, त्याले तं म्या मूठमूठ खसखस लावली होती."

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, भरपूर खाल्लं तर त्याचा अंश लघवीत उतरतो. किशोर उरलेल्या अनारशांचा डबा घेऊन थेट सुभेदारांकडे गेला. तेही आपल्या वऱ्हाडातल्या तिवशाचेच.

"साहेब, हे तुमी खा अन् उद्या तुमचीच तपासणी करा."

"मले नशेबाज ठरवतं का बे?" म्हणत सुभेदारांनी डबा साफ केला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याही लघवीत अफू! मग खसखस बंद करून दोघांना पुन्हा तपासलं, तर दोघंही स्वच्छ. किशोर आज त्याच पलटणीत नाईक आहे, छाती काढून चालतो.

तेव्हा कोणाच्या लेकराला नशेबाज म्हणण्याआधी त्याच्या आईला एकदा विचारा, डब्यात काय दिलं होतं.