एक महिन्याची अट

अंबडच्या एमआयडीसीत विजेचे स्विच बनवणाऱ्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला क्लार्क होते. हजेरी, रजा, गेटपास हे माझं काम. नव्वदच्या दशकातली गोष्ट. असेंब्लीत चाळीसेक बायका होत्या आणि जवळजवळ सगळ्या टेंपररी.

नोकरी सलग धरली गेली तर कायम करावं लागतं, म्हणून दर सात महिन्यांनी प्रत्येकीला ब्रेक द्यायचा अशी पद्धत होती. दहा-बारा दिवस घरी बसायचं, मग नवं पत्र आणि रुजू होण्याची नवी तारीख. ब्रेकवर जाताना तिच्याकडून अर्ज घ्यायचा : 'घरगुती कारणामुळे काम सोडत आहे.' मजकूर मी सांगायची, त्या लिहायच्या. इतकं अंगवळणी पडलं होतं की बायका विचारायच्या, "मॅडम, माझं घरगुती कधी?"

त्यांच्यात एक पेठ तालुक्याकडची होती. नवरा आणि सासू गावी, डोंगराच्या कडेला थोडी भातशेती. ही कारखान्याजवळ चुंचाळ्यात खोली घेऊन दोन पोरींना शिकवत होती. आठ वर्षं झाली होती तिला. हात असा की लाइनवर नवीन आलेली पोरगी तिच्याच शेजारी बसवायचे. तिने पहिल्याच वर्षी मला सांगितलं होतं, "मॅडम, माझा ब्रेक आवणीला टाका ना. भात लावायला घरात माणूस नाय. सासूचा कंबरेतून पार कणा वाकला हाय." आवणी म्हणजे भाताची लागवड. मी तारखा मागे-पुढे करून दर वर्षी तिचा एक ब्रेक आषाढात टाकायला लागले. आवणी दहा दिवसांत उरकत नाही, मग मी तो दीड महिना करायची, कधी दोन. त्या दिवसांत कामही कमी असे, साहेबांनी कधी हरकत घेतली नाही. आपण एका बाईची सोय करतोय याचं मला बरं वाटायचं.

मग एका वर्षी वरून हुकूम आला, असेंब्लीतल्या आठ बायका कायम करायच्या. यादी नोटीस बोर्डावर लागली. त्यात दोघी जेमतेम वर्षभरापूर्वी आलेल्या आणि त्यातली एक सुपरवायझरची मेहुणी. दुपारच्या जेवणानंतर कोणी बाई लाइनवर परत गेलीच नाही. सगळ्या गेटच्या आत लिंबाखाली बसल्या.

"मेहुणी कायम, आणि आम्ही काय पाहुण्या?"

"अगं, तू पण सुपरवायझरला एखादा भाऊ बघून दे!"

हसत होत्या, पण उठत नव्हत्या. तीन दिवस लाइन बंद राहिली.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. साहेब, युनियनचे पुढारी आणि रेकॉर्ड घेऊन मी. पुढारी म्हणाले, कोण जुनी हे ठरवताना पहिल्यांदा रुजू झाली ती तारीख धरा. साहेब म्हणाले, शेवटच्या पत्रावरची तारीख धरा, मधे त्यांनी स्वतः अर्ज देऊन काम सोडलंय.

"स्वतः?" पुढारी म्हणाले. "अर्ज सांगतं कोण, विचारा ताईंना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरकडे पाहिलं. दोन तास तेच चाललं होतं. शेवटी मी म्हणाले, "असं करता येईल. ब्रेकनंतर एक महिन्याच्या आत परत आली असेल तर नोकरी सलग धरायची. त्याहून जास्त दिवस गेली असेल, तर ती खरंच सोडून गेली होती असं समजायचं आणि परत आल्यापासून मोजायचं."

दोघांनाही पटलं. साहेबांचा शब्द पडला नाही, पुढाऱ्यांना जुन्या बायका मिळाल्या. सुपरवायझरची मेहुणी आपोआप बाहेर. पुढारी म्हणाले, "ताई, हे पहिल्या दिवशीच बोलायला हवं होतं तुम्ही!" साहेबांनी चहा मागवला आणि टायपिस्टला मजकूर सांगायला घेतला.

'एक महिन्याच्या आत' हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले तेव्हा मला पेठकडची आठवली. चहाचा कप हातात होता. मी मनात यादी लावून पाहिली. पहिल्यांदा रुजू झाल्याच्या तारखेने ती तिसरी होती. माझ्या नियमाने ती तिसावीच्याही मागे जात होती.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं, की तिचे लांब ब्रेक मी दिलेत, ती सोडून गेली नव्हती. पण मग साहेबांनी विचारलं असतं, आणखी कोणाकोणाला दिलेत? पुन्हा दोन तास. गेटवरच्या बायका बसलेल्याच. आणि मघाशी मिळालेली शाबासकी. मी चहा संपवला आणि मजकुरातली एक चूक दुरुस्त करून दिली.

दुसऱ्या दिवशी नवी यादी लागली. लाइन सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या खिडकीशी आली.

"मॅडम, ब्रेक तुम्हीच टाकला व्हता ना आवणीला?"

"हो."

"मंग तिथं सांगितलं नाय?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे," मी म्हणाले. "पुढच्या जागा निघतील तेव्हा बघू."

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. "बरं," म्हणाली आणि लाइनवर गेली.

पुढच्या वर्षी ज्येष्ठ संपत आला तरी ती ब्रेक मागायला आली नाही. मीच बोलावून विचारलं. म्हणाली, "आता नको आवणीला. सगळ्यांसारखा दहाच दिवसांचा टाका, कधीबी." आणि शेताचं? "निम्मं पडीक ठेवलं. निम्मं दिराला दिलं." तीन वर्षं तिने असंच केलं. सासू गेली तेव्हाही पाचव्या दिवशी कामावर हजर होती.

जागा निघाल्या नाहीत. दोन हजार सालानंतर असेंब्ली ठेकेदाराकडे गेली. टेंपररी बायकांची पत्रं बंद झाली, ठेकेदाराकडे नव्याने नाव लिहायचं ठरलं. तेव्हा कुठे मी साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. "बाई, त्या दिवशी मी तुमच्यासमोर बसलो होतो. नववी जागा मीच मागून घेतली असती. का नाही बोललात?"

त्या शाबासकीचं आणि चहाचं सांगण्यासारखं नव्हतं.

तिला खिडकीशी बोलावून मीच सांगितलं की आता काही निघणार नाही. ठेकेदाराच्या फॉर्मवर अनुभव लिहायची जागा होती. तिने विचारलं, "इथं किती लिवू, मॅडम? अकरा वर्षं का तीन?"

"अकरा लिही," मी म्हणाले.

फॉर्म घेताना ठेकेदाराच्या माणसाने तो रकाना वाचलाही नाही.